गळ नसलेली दोरी

मी ऑक्टोपस बोलतेय. युकातानच्या किनाऱ्यापुढे समुद्र लांबवर उथळच आहे, तिथे एका खडकाच्या कपारीत माझं बिऱ्हाड आहे. दार एवढंसं आहे, पण अंगात हाडच नसल्यामुळे मला कुठलंही दार पुरतं. जरा हळू बोलेन. उपास चालू आहे.

मला आठ हात आहेत, आणि प्रत्येक हाताला जीभ आहे असं समजा. आमटीत मीठ पुरेसं आहे का, हे बायका तळहातावर थेंब घेऊन बघतात. माझं तेवढंही अडत नाही. हातावरच्या चिकटून धरणाऱ्या वाट्यांनी नुसतं शिवलं की कळतं, हा दगड, हे शेवाळ, हा शिंपला जिवंत, हा रिकामा. डोळे चांगले आहेत, पण अंधाऱ्या बिळात डोळे काय करणार? तिथे हातच पुढे जातात, हातच ओळखतात, आणि पुष्कळदा मला न विचारता हातच ठरवून टाकतात. खेकडा लागला की धरला, आणि धरला की सोडायचा नाही. मग चोचीनं कवच फोडून लाळ आत सोडायची, की तो गप्प होतो.

ही आमची खोड किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. ऑगस्ट उजाडला की ती होडी वाऱ्यावर सोडून देतात. होडीच्या दोन्ही टोकांना बांबू, बांबूंना दोऱ्या, आणि दोरीच्या शेवटी बांधलेला जिवंत खेकडा. गळ नसतो. ज्यानं खेकडा सोडला तो सुटला. पण आमच्यात सोडतंय कोण!

मीही सोडला नाही. पाणी संपलं, हवा लागली, तरी धरूनच होते. होडीत विल्बर्थ नावाचा तरुण होता. त्याचा जोडीदार तापानं आडवा झाला म्हणून त्या दिवशी त्याची सासू एल्सी बरोबर आली होती; तिकडे मानानं तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. घाबरून मी तिच्या मनगटाला विळखा घातला.

ती हसली. म्हणाली, पहाटे मका दळला, कुमारी मरियमेपुढे मेणबत्ती लावली, तेच चाखत बसलीय ही बया. चुन्यात शिजलेला मका आणि मेण, ही चव तेव्हापासून माझ्या हातांत राहिली.

तिच्या लेकीचे, नेल्वीचे, दोन गर्भ टिकले नव्हते. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. मोसमातला पहिला जीव समुद्राला परत, असा दोन्यानं नवस बोलला होता. जावयाला तो पटला नव्हता.

"सासूबाई, नवस तव्यावर टाकता येत नाही."

"नाही येत, जावईबापू. तो मुरावा लागतो. आणि ही आहे केवढी? तव्यावर शोधावी लागेल."

तिनं मला ओढून काढलं नाही. नखानं एकेक वाटी अलगद सोडवत गेली. तिच्या मनगटावर बांगड्यांसारखे लाल वळ उठले होते. मग तिनं मला पाण्यावर ठेवलं, जसं पाळण्यात ठेवतात.

मी वाढले. नोव्हेंबर संपता संपता या कपारीच्या छताला अंडी लावली. भाताच्या लोंब्यांसारखी लोंबतात. त्या दिवसापासून तोंडात काही घातलेलं नाही. हा उपास मला कुणी सांगितला नाही आणि मोडावासाही वाटत नाही. दिवसभर अंडी पुसायची, त्यांच्यावर ताजं पाणी फुंकायचं. दोऱ्यांचे खेकडे दारावरून गेले, पण माझे हात उठले नाहीत. म्हणून दोरीवाल्यांचं भय अंड्यांवरच्या बाईला नसतं. भय असतं ते आकडीचं, काठीच्या टोकाला लावलेल्या लोखंडी आकड्याचं. मोसम संपला की आम्हाला धरायला बंदी असते; त्या महिन्यांत कुणी चोरून बुडी मारून बिळात आकडी घालतं. शेजारणीला तशीच ओढून नेली. तिची अंडी चार दिवसांत मासळीनं संपवली.

जानेवारीत उत्तरेचा वारा पडला आणि माझ्या दारात आकडी आली.

पळाले असते. पण लोंब्या कुठे नेणार? मी एक हात आकडीवरून पुढे सरकवला, धरणाऱ्या बोटांपर्यंत. मका. मेण. हात आणखी वर गेला, सदऱ्याच्या बाहीतून खांद्यापर्यंत. तिथे कापडात काहीतरी मुरलेलं होतं. आंबूस, गोडसर, समुद्रात कुठेच नसलेलं. मी दूध कधी प्यालेले नाही. तरी हाताला कळलं, हे पिल्लाचं आहे.

तो थांबला. आकडी आणि अंडी यांत बोटभर अंतर होतं. चेहरा दाराशी आला, विल्बर्थचा. अंड्यांत तेव्हा डोळे उमटले होते, काळे, बारीक. ते त्यानं पाहिले. श्वास संपेपर्यंत पाहिले, आणि आकडी मागे घेतली. माझी तिन्ही काळजं कितीतरी वेळ थाऱ्यावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी होडीची सावली पडली. फळीतून बोलणं खाली झिरपत होतं.

"सासूबाई, खेकड्याला दोरी बांधायची विसरलात."

"बाळंतिणीला जेवण धाडताना दोरी बांधतात का? आकडी कुठाय?"

"छपरात खोचलीय. तिथंच राहील."

खेकडा माझ्या दाराशी उतरला. हातांनी सवयीनं धरलाच. पाठीवर मक्याची चव होती. क्षणभर धरून ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सोडून दिला. तो तिरका तिरका पळाला.

आता माझं अंग फिकं पडलंय. हात पूर्वीसारखे पुढे होत नाहीत. माणसांनो, एवढंच मागणं आहे, येताना दोरी घेऊन या. धरायचं की नाही, ते आमच्यावर सोडा.

काल पहिलं अंडं फुटलं. पोर नखाएवढी, पण आठही हात जागच्या जागी. तिनं वाळू चाखली, एक रिकामा शंख चाखला, मग मला. आणि माझ्या हाताचं टोक धरून बसली. सुटेना. घराण्याची खोड.

मी ओढलं नाही. एकेक वाटी, अलगद, सोडवत गेले.