दिसला नाही तर मागचाच भाव

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूही नये. माझ्या सख्ख्या आईचा कधी बसला नाही, तिथे तुमची काय कथा! पण माझा थोरला भाऊ नुसत्या वासावरून महागाई सांगायचा, हे मी कोणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगतो. आमच्या इमारतीचा जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबून एक दीर्घ श्वास घ्यायचा. खालच्यांनी कांदा परतताना तेलात हात आखडलाय. मधल्यांकडे साबण हलका आलाय. वरच्यांनी चहाची पूड दुसऱ्यांदा उकळलीय. आमच्या दाराशी पोचेस्तोवर त्याच्या डोक्यात महिन्याचा आकडा तयार, दशांशासकट.

दादा सरकारच्या सांख्यिकी कचेरीत होता. शिकला अर्थशास्त्र, चिकटला आकडेमोडीला आणि तिथेच त्याचे केस पिकले. लोकांचं जगणं किती महागलं, याचा एक आकडा सरकार दर महिन्याला जाहीर करतं. तो आकडा दादाच्या खोलीतून बाहेर पडायचा. गिरण्यांतल्या माणसांचा पगार त्याच आकड्याच्या दोरीला बांधलेला. आकडा चढला तर पगार चढणार, नाहीतर बसा हवा खात. कचेरीत त्याला तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे दशांश.

एकदा त्याला सर्दी झाली आणि आकडा दोन दिवस लांबला, तर बाजारातले दुकानदार हातावर हात ठेवून बसले होते. वांग्याला काय सांगावं कोणाला सुचेना. शेवटी एक भाजीवाली काढ्याचं भांडं घेऊन आमच्या दारात आली. आणखी एकदा मंत्र्यांनी बोलावून गोड आवाजात विचारलं, की हा आकडा थोडा खाली आणता येईल का. दादा म्हणाला, का नाही, तुम्ही बाजारात जाऊन भाव खाली आणा, मी उभ्या उभ्या लिहून देतो. मंत्र्यांच्या कपातला चहा तिथल्या तिथे गोठला म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

हे सगळं मी दादाच्या मुलीला सांगत होतो. दादा गेल्याची बातमी तिला उशिरा कळली आणि ती आली तेव्हा घरात मी एकटाच होतो. मी जन्मभर बटणांचा फिरता विक्रेता, बिनलग्नाचा, दादाच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत मुक्काम ठोकलेला. वहिनी मुलगी लहान असतानाच गेली होती. म्हणजे या घरात दोन पुरुष आणि एक पोर. त्यातली पोर रागावून निघून गेली तेव्हा तिची वेणी कंबरेपर्यंत होती. आता समोर बसली होती ती चष्मेवाली बाई, केस आखूड, पुढची बट पांढरी. पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हती. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं म्हणाली.

वासाच्या गोष्टीला ती हसली. मंत्र्यांच्या चहाला अर्धवट हसली. मग तिने कप बाजूला सारला.

"काका, तिखटमीठ पुरे. मला एकच सांगा. बाबांना मला भेटावंसं कधी वाटलं का?"

मी म्हटलं, सांगतो, पण आधी भांडणापासून सुरुवात करू दे. ती म्हणाली, भांडण मला ठाऊक आहे, मीच केलं होतं. तरी मी सांगितलंच. तिची बाजू तिला ठाऊक होती, पण दार लागल्यानंतरचं ती काय जाणणार?

त्या वर्षी थंडी भलतीच पडली होती. कॉलेजातून सुटलेली पोरगी बापाच्याच कचेरीत भाव गोळा करायला लागली होती. दुकानोदुकानी फिरायचं, पाव, अंडी, साबण, कोळसा, सगळ्याचे भाव टिपून आणायचे. दुकान बंद असलं किंवा माल नसला तर काय करायचं, यालाही नियम होता. भाव दिसला नाही तर मागचाच धरायचा. महिना-दोन महिने तसं चालतं. मग कोणीतरी स्वतः जाऊन बघायचं, काय झालं, दुकान आहे की उठलं. हा नियम दादानेच घातलेला आणि पाठांतराच्या कवितेसारखा तो म्हणूनही दाखवायचा.

तर त्या थंडीत शहरातून कोळसा गायब झाला. वखारींना कुलपं. चोरून मिळायचा तो सोन्याच्या भावाने, आणि चोरीचा भाव सरकारी कागदावर चढत नाही. दादाने नियमाप्रमाणे मागचाच भाव धरला. आकडा जागचा हलला नाही. मंत्री खूश, आणि गिरणीतल्यांना पगारवाढ शून्य.

जेवायच्या टेबलावर ती म्हणाली होती, "बाबा, जी वस्तू दुकानात नाहीच, तिला भाव कसा असेल?"

दादा म्हणाला, "दिसला नाही म्हणजे बदलला नाही, असं धरून चालावं लागतं. नाहीतर रोज कोणीही उठून काहीही सांगेल."

त्याने एक दमडी खाल्ली नव्हती, कोणाला घाबरला नव्हता, काडीचं खोटं लिहिलं नव्हतं. तेच तर वाईट. खोटं लिहिलं असतं तर माफी मागता आली असती. पोरीने पानावरून उठून बॅग भरली. मी मध्ये पडायला गेलो तर म्हणाली, काका, तुम्ही गप्प बसा, या घरात खरं बोलणारा एक आहे तोच पुष्कळ झाला.

पुढचं तिला ठाऊक नव्हतं ते असं. दादाने तिच्या बाबतीत हुबेहूब तेच केलं. पोरगी दिसली नाही, मग मागचीच धरली. गेली तेव्हा रागात होती, म्हणजे रागातच असणार. गेली तेव्हा अंड्यातला पिवळा बलक खायची नाही, म्हणजे अजूनही खात नसणार, आणि तो स्वतःच्या ताटातला पिवळा बलक तेवढा खाऊन पांढरा भाग बशीत कडेला ठेवायचा. तिने खावा म्हणून. मी विचारलं तर म्हणायचा, राहू दे, सवय आहे. कोणी घरी आलं आणि मुलगी काय करते असं विचारलं, तर सांगायचा, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलीय. तेव्हा ती चाळिशीला टेकली होती.

हे ऐकताना तिने चष्मा काढून पुसायला घेतला. मीही तेवढ्यात चहा आणतो म्हणून आत जाऊन आलो.

मी बटणांच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडायचो, तेव्हा तिची खबर माझ्या कानावर यायची. चष्म्याचं दुकान काढलंय, चांगलं चाललंय, लग्न केलं नाही, एक लंगडी मांजरी पाळलीय. मी ते दादाला येऊन सांगायचो. तो सगळं नीट ऐकायचा, मांजरी कुठल्या पायाने लंगडते तेही विचारायचा, आणि शेवटी म्हणायचा, ऐकीव भाव चालत नाही. त्यातून माझ्याकडून ऐकलेला. मी जन्मभर ज्या थापा उधळल्या होत्या त्या तिथे नडल्या. मी म्हणायचो, मग स्वतः जाऊन बघ ना, तुझाच नियम आहे. म्हणायचा, हो, जातो, या महिन्याचा आकडा बाहेर पडू दे. आकडा बाहेर पडायचा. मग पुढच्या महिन्याचा समोर उभा. महिन्यांना काय तोटा!

"आणि निवृत्त झाल्यावर?" तिने विचारलं. "तेव्हा तर आकडा नव्हता."

तेव्हा गुडघे होते. आणि भीती होती, असंही मी म्हणालो. इतक्या वर्षांचा धरलेला भाव एकदम बदलायचा म्हणजे मागचं सगळं गणित पुसून नव्याने करावं लागतं. त्याने कचेरीत एकदा ते केलं होतं. कोळशाचं प्रकरण नव्याने उपसून, निवृत्तीच्या आधी, सगळ्या कचेरीसमोर, आकडा चुकला होता असं स्वतः लिहून दिलं. गिरणीतली अर्धी माणसं तोवर हयात नव्हती. त्या दिवशी घरी आला आणि मला म्हणाला, बरोबर होती रे ती. मी म्हटलं, मला काय सांगतोस, तिला सांग.

तिने मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळले. खिडकीबाहेर बघत राहिली. तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर अजून आलं नव्हतं, ते मलाही कळत होतं. बरोबर होती म्हणणं वेगळं आणि भेटावंसं वाटणं वेगळं. गाडीची वेळ होत आली होती. रिकाम्या हाताने तिला कसं पाठवू?

मग मी म्हणालो, पण तो आला होता.

तिने मान वळवली.

आला होता, मी म्हणालो. मागल्या हिवाळ्यात. मीच घेऊन गेलो, बसने, गुडघ्यांना गरम पट्टे बांधून. तुझ्या दुकानासमोर टपालपेटीजवळ एक बाक आहे, त्याची एक फळी निघालेली. तिथे आम्ही बसलो. तू स्टुलावर चढून दिवा बदलत होतीस. मग एक म्हातारा आला, त्याला तू दम भरलास की चष्मा उशीखाली ठेवून झोपू नका, आणि दम भरताना त्याच्या नाकावर चष्मा इतका हळू बसवलास की तो लाजला. मांजरी काउंटरवर बसून होती. तुझ्या अंगात राखाडी स्वेटर होता, कोपरावर चामड्याचा तुकडा लावलेला. दादा एकटक बघत राहिला. मी म्हटलं, चल आत. तर म्हणाला, थांब, नीट बघू दे. डोळे भरून आले होते त्याचे. म्हणाला, हसते रे ही. रागात नाहीय. मग अंधारून आलं, थंडी वाढली, त्याला सोसेना, म्हणून उठलो. पुन्हा यायचं ठरवून. पण ते राहिलं.

एरवी माझ्या गोष्टीत हत्ती उडतात. या भागात मी मांजरीचं शेपूटसुद्धा लांबवलं नव्हतं. दिवा, म्हातारा, स्वेटर, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. सांगताना माझाच आवाज मला ओळखू येईना.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखाद्या गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत बघावं तशी, कुठलं अक्षर दिसतंय आणि कुठलं अंदाजाने वाचतोय, ते हुडकत.

"काका, त्या बाकावर तुम्ही एकटेच होतात," ती म्हणाली. "मी आतून पाहिलं होतं. मला वाटलं, बाबा कुठेतरी मागे उभे असतील, येतील. म्हणून त्या दिवशी मी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवलं होतं."