गजकच्या पोटातल्या एक्केचाळीस पोळ्या

"मॅडम, घोडा पादतो तेव्हा आवाज येतो का?"

सभागृहात अख्खी दहावी 'ब' हसत सुटली. मागच्या रांगेत शिखा आणि हर्षिता एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच होती: जनावरांची डॉक्टर करिअरवर बोलायला आलीय, हिंमत असेल तर हे विचारून दाखव. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, ती हेमांगी माईक धरून ताठ उभी होती.

डॉक्टर अपर्णा अजिबात हसल्या नाहीत. "येतो. चांगला खणखणीत येतो. आणि ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी मला फोन कर." असं म्हणून त्यांनी फळ्यावर नंबर लिहिला.

हेमांगीनं तो वहीच्या मागच्या पानावर उतरवला, पैज जिंकल्याचा पुरावा म्हणून. तिचं करिअर तर घरी केव्हाच ठरलं होतं: अकरावीला गणित, मग कोट्याचं कोचिंग. फॉर्म फ्रिजवर चिकटवलेला होता, दसरा झाला की भरायचा.

हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनीतल्या त्यांच्या मराठा गल्लीत घोडी आता एकच उरली होती, सूर्याजीकाकांची गजक. रंग अगदी इकडच्या गजकसारखा, म्हणजे तीळगुळाच्या खमंग वडीसारखा, म्हणून नावही तेच. लग्नसराईत ती नवरदेवांना पाठीवर घेऊन बँडमागून ठुमकत जायची. पण तिचा खरा थाट दसऱ्याला. आमचे पणजोबा दक्षिणेतून घोड्यावर बसून आले, असं गल्लीतलं प्रत्येक मराठा घर छाती फुगवून सांगतं. पणजोबा गेले, घोडे गेले, कोणी बँकेत लागलं, कोणी विमा विकतं, पण दसऱ्याला घोड्याची पूजा चुकवायची नाही म्हणजे नाही! घोडी एक आणि घरं चौदा. यंदाही काका दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांना सोनं वाटण्यात गुंतलेले, आणि इकडे एकेक घर आपापल्या वेळेला ताट घेऊन येत होतं. हळदकुंकू, झेंडूची माळ, नैवेद्याला पुरणपोळी. प्रत्येकाला वाटत होतं, बिचारीला सकाळपासून कोणी काही दिलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकांची हाक आली. "अरे, कोई तो आओ! गजक लोळतेय!"

हेमांगी तोंडात ब्रश घेऊनच धावली. गजक घामानं निथळत होती. उठायची, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची, लाथ झाडायची, की पुन्हा खाली. ती उभी राहिली तशी हेमांगीनं तिच्या कुशीला कान लावला. एरवी तिथं कढईत काहीतरी रटरटतंय असं वाटायचं. आज बंद पडलेल्या फ्रिजसारखी शांतता.

"गॅस असेल. चार चकरा मारल्या की मोकळी होईल," बाबा म्हणाले. हेमांगीचे बाबा, जयसिंहराव, गल्लीचे घोडेतज्ज्ञ. जन्मात एकदा घोड्यावर बसलेले, तेही स्वतःच्या लग्नात.

"बाबा, आत आवाजच नाहीये!" हेमांगीनं घरात जाऊन वही उघडली आणि मागच्या पानावरचा नंबर लावला.

डॉक्टर अपर्णा मुरारहून स्कूटीवर आल्या, पाठीला ही मोठी बॅग. नाडी पाहिली, हिरड्या पाहिल्या आणि कपाळाला आठी घातली. "काल काय खाल्लं हिनं?"

गल्ली आकाशाकडे बघायला लागली.

"रोजचाच चारा," कोणीतरी पुटपुटलं.

"आमच्याकडची अर्धी पोळी," समोरच्या घरातल्या लीलाताई म्हणाल्या. "नुसती तोंडाला टेकवली हो."

हेमांगी टुणकन ओट्यावर चढली. "सुनो सब लोग! इज्जत नंतर सांभाळा. आधी आकडा सांगा, नाहीतर गजक मरेल!"

मग बांध फुटला. तीन. चार. अर्धीच्या तीन झाल्या. सगळ्यात शेवटी बाबा उरले.

"पाच," बाबा म्हणाले.

"बाबा."

"सात. तूप लावून."

एक्केचाळीस! डॉक्टरांनी डोळे मिटले. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून नाकातून जठरापर्यंत नळी घातली. बादलीत पिवळा लगदा पडायला लागला आणि गल्लीभर वेलदोड्याजायफळाचा घमघमाट सुटला. लीलाताईंनी पदर नाकाला लावला.

"आता आतडं हलवायचं औषध द्या ना," हेमांगीला घाई झाली होती.

"आधी नाही. पुढची वाट बंद असली आणि आपण मागून ढकललं, तर काय होईल?"

"फाटेल?"

"शाब्बास." डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि मागून हात घालून नीट तपासलं. "वाट मोकळी आहे. आतडं नुसतं रुसून बसलंय." मग त्यांनी सलाईनमध्ये एक औषध भरलं. "दाताचा डॉक्टर हिरडी बधिर करतो ना, तेच हे. शिरेतून सावकाश गेलं की घोड्याचं आतडं पुन्हा चालायला लागतं. फार वेगानं गेलं तर घोडी थरथरून कोसळेल. थेंबांवर नजर ठेव, आणि हे घे."

हे म्हणजे स्टेथोस्कोप! हेमांगीला स्वतःची उंची चार इंच वाढल्यासारखी वाटली.

दहा वाजले. काही नाही. अकरा वाजले. उजवी कूस, डावी कूस, वर, खाली, काही नाही. बाबा लगाम धरून गजकच्या तोंडाशी उभे होते, सकाळपासून चहाही न घेता.

"हेमे, येतंय का काही?"

"नाही."

"मीच मारली गं हिला," बाबा इतक्या हळू म्हणाले की फक्त तिला आणि गजकलाच ऐकू गेलं. हेमांगीनं स्टेथोस्कोप पुन्हा डाव्या कुशीला लावला आणि डोळे थेंबांवर लावले.

पाऊण वाजता छतावरच्या टाकीत नळाचं पहिलं पाणी यावं तसं आत कुठंतरी गुडगुडलं.

"श्श! चुप! सगळे चुप!"

पुन्हा गुडगुड. मग डावीकडे उत्तर. मग गजकनं शेपटी उचलली, आणि असा लांबलचक, दमदार, खणखणीत आवाज झाला की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"गणपती बाप्पा!" सूर्याजीकाका ओरडले.

"मोरया!" चौदा घरं गरजली. पाठोपाठ लीद पडली, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या, चक्क लिदीला! काकांनी डॉक्टरांच्या पायांशी वाकायला आणि डॉक्टरांनी मागे सरून बादलीत पाय घालायला एकच गाठ पडली. बाबा हसत होते की रडत होते, कळायला मार्ग नव्हता. हेमांगीनं शिखाला फोन लावला. "शिखा! यार, येतो! आवाज येतो!"

"अजून दोन दिवस खुरं बर्फात ठेवायची," डॉक्टरांनी बजावलं. "एवढं गोड खाल्ल्यावर ते पायांवर उतरतं, खुरं आतून सुजतात. आणि लक्ष कोण ठेवणार?"

"मी," हेमांगी म्हणाली. तिला हात वर करायचीही गरज पडली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गजकनं मूठभर गवत खाल्लं आणि वर हेमांगीच्या ओढणीचं टोकही चावून पाहिलं. हेमांगी घरी आली ती लिदीचा वास अंगावर मिरवत. आई ओट्याशी उभी, बाबा चहा घेत बसलेले. तिनं फ्रिजवरचा फॉर्म काढला, दुमडला आणि बाबांच्या बशीशेजारी ठेवला.

"आई, बाबा, सुनो. मी अकरावीला गणित नाही, बायो घेणार. घोड्यांची डॉक्टर होणार. आणि पुढच्या दसऱ्याला सगळ्या गल्लीचं मिळून गजकपुढे एकच ताट जाईल. त्यात पोळी नसेल, गाजर असेल. एक! ते तुम्ही भरवायचं, बाबा, पण मी समोर उभी राहून मोजणार."