टाकीतली चिंधी

गाडी माझी, नियमही माझे. भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या टेम्पोला कुणी विचारल्याशिवाय हात लावला, तर त्याला माझ्या तोंडून काय काय ऐकावं लागतं तेही पाठ आहे. राकेशच्या नादी लागू नका, असं शेजारीसुद्धा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या दुपारी आम्ही माझ्या बायकोच्या, ललिताच्या माहेरी होतो, अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावर. ललिता पेंढा ओढायला गेली आणि पेंढ्यात बसलेली घोणस तिच्या हाताला चावली. अंबाडीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विषावरची होती तेवढी लस दिली. रक्त गोठत नाहीये, आणखी बरीच लस लागेल, भिवंडीच्या मोठ्या हॉस्पिटलात लवकर पोहोचवा, असं ते म्हणाले. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन वाड्याकडे गेली होती. मी म्हटलं, माझी गाडी आहे की दारात.

ललिताला केबिनमध्ये सीटवर आडवं केलं. तिचा धाकटा भाऊ सोमा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. सोमा आमच्याच गल्लीत राहतो, कापडाच्या पॉवरलूमवर शिफ्ट करतो, दोन पोरांचा बाप आहे, पण माझ्यासमोर त्याचा आवाज कधी फुटत नाही.

अंबाडी सोडली आणि इंजिन मिसिंग करायला, मधेच अडखळायला लागलं. ॲक्सिलरेटर तळाला लागला तरी गाडी ओढेना. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो. अख्खी केबिन थरथरायला लागली, आणि एका साध्या चढावर इंजिन बंद पडलं.

मी दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण उचललं. आता डोकं चालवावंच लागणार होतं. धूर काळा आला असता तर हवा कोंडलीय म्हटलं असतं. काळा नव्हता, म्हणजे इंजिनाला डिझेलच पुरत नव्हतं. फिल्टर नवा होता. लाइनमध्ये हवा शिरली असेल म्हणून नट ढिला करून हातपंप मारला, तर बुडबुडा एक नाही. पुन्हा चावी फिरवली, आणि गाडी अशी सुरू झाली की जणू तिला काही झालंच नव्हतं.

थोडं अंतर गेलो आणि परत तेच. थांबलं की बरं, ओढायला लागलं की मरतंय. असा येऊन-जाऊन असणारा बिघाड मला सगळ्यात नकोसा वाटतो, कारण तो हातात सापडत नाही. रस्त्यावर उभं राहून दोन गाड्यांना हात केला. दोन्ही न थांबता निघून गेल्या.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ललिताचा हात कोपरापर्यंत सुजला होता. ती थुंकली ते लाल होतं. मला भीती वाटली. अशी भीती मला जन्मात वाटली नव्हती. ही इथेच, या रस्त्यावर, माझ्याच गाडीत जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

टाकीकडून येणारा पाइप सोडवला आणि तोंड लावून उलटी फुंक मारली. आधी जाईना. मग पलीकडे काहीतरी सुटलं आणि टाकीत गुडगुड झालं. म्हणजे पाइपाच्या तोंडाशी काहीतरी येऊन बसत होतं, आणि इंजिन बंद झालं की तरंगत बाजूला जात होतं. तोंडातलं डिझेल थुंकत मी ओरडलो, टाकीत काय गेलंय? सोमाने मान खाली घातली.

मग तो बोलला. "दाजी, टाकीत चिंधी हाय."

मागच्या आठवड्यात मी घरी नसताना त्याने लूमच्या मालकाचं सूत आणायला टेम्पो नेला होता. धामणकर नाक्याच्या पुढे टाकीचं झाकण कुठेतरी पडलं. भिवंडीत कुठलंही भोक उघडं दिसलं की माणूस लूमवरच्या वेस्टचा, टाकाऊ सुताचिंध्यांचा बोळा कोंबतो. यानेही कोंबला. घरी येईपर्यंत तो आत घसरला होता. मग याने भंगारातून तसंच झाकण आणून बसवलं आणि गप्प राहिला.

माझा हात उठला.

"त्याला मारू नका," ललिता म्हणाली. "मीच बोलले व्हते, यांना सांगू नको म्हणून."

गाडी तीनदा बंद पडली होती. तीनही वेळा तिला माहीत होतं. मग मघाशीच का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"तुम्ही आधीच चिडला व्हता," ती म्हणाली.

तिच्या अंगात विष भिनत होतं आणि माझी बायको मला भीत होती. माझा हात आपोआप खाली आला.

सीटमागे डिझेलचा एक डबा मी कायम ठेवतो. टाकीच्या पाइपाऐवजी दुसरा पाइप जोडून त्याचं टोक त्या डब्यात बुडवलं. डबा सोमाच्या पायांत दिला. "टोक वर आलं तर इंजिन हवा धरेल. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. सोडलास तर बघ," मी म्हणालो. इतकं होऊनही माझ्या तोंडून हेच निघालं. इंजिन एका सुरात ओढायला लागलं. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्नवरचा हात मी काढलाच नाही.

हॉस्पिटलच्या दारात ललिताला उचलून आत पळालो. पुढचं मला नीट आठवत नाही. सलाइनच्या बाटल्या बदलत होत्या आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, रक्त गोठायला लागलंय, वाचतील. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो.

मग आठवलं की सोमा कुठे दिसत नाहीये. बाहेर आलो. टेम्पो दारापासून जरा पुढे उभा होता, कुणीतरी ढकलून बाजूला केलेला. सोमा आत तसाच बसला होता, पायांत डबा धरून. पँट गुडघ्यापर्यंत डिझेलने भिजली होती. इंजिन कधीचं बंद होतं. सख्खी बहीण आत मरणाच्या दारात, आणि हा बघायलाही आला नव्हता.

अजून इथेच का, मी विचारलं.

"तुम्ही सोड म्हणाला न्हाय," तो म्हणाला. "ताई कशी हाय?"

वाचली, म्हणालो, आणि डबा घ्यायला हात पुढे केला. त्याने डोळे मिटून मान खांद्यांत ओढून घेतली. मी हात मागे घेतला, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.