आडवी ठेवलेली बाटली

धाकट्या जावयाला या कामात एक बाटली सुटणार होती. सासऱ्यांच्या एकशे चौदा व्हिस्क्या जिन्याखालच्या खोलीत लावायच्या, यादी करायची, की हवी ती एक उचलायची. कपाट करणाऱ्या सुतार साडूशीही हाच करार. पण साडू थोरला, पहिली निवड त्याची. गोम तिथे होती.

पहिल्याच रविवारी जावई दारात थबकला. खोलीला खिडकी नाही, भिंती गार. टॉर्चच्या उजेडात मधापासून कोऱ्या चहापर्यंतचे रंग ओळीने उभे. प्रत्येक बाटलीला कागदाची पट्टी, तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा, रेघेपुढे साल.

"मामा, ह्या तर सीलबंद. मग प्यालं कोण?"

"हवा," सासरे म्हणाले. "वर्षाला केसभर पिते, बूच कितीही घट्ट असो."

सर्वांत मागे बंद पडलेल्या कारखान्याची बाटली होती. एकतीस रेघा, आणि एकतीस वर्षांत उतरली जेमतेम दोन बोटं. जावई गोदामात टनांनी माल मोजणारा. इतकं सावकाश जाणारं काही त्याने आजवर पाहिलं नव्हतं. तो रेघा पुन्हा मोजू लागला.

साडू खांद्यावरून डोकावला. "डोळे मीट जरा. नजर लागेल तिला."

साडू वळताच जावयाने ती खालच्या फळीमागे सरकवली. उभी मावेना, आडवी मावली.

तेरा रविवार गेले. खोलीत वास येतोय म्हणून सासूबाई कुरकुरत होत्या. सगळ्यांनी तो वार्निशच्या माथी मारला. शेवटी साडूने शोधशोध करून नाइलाजाने दुसरी बाटली उचलली. मग आपल्या पाळीला जावयाने फळीमागे हात घातला. बाटली हलकी लागली. बुचाचा भुगा झाला होता, भिंतीवर तपकिरी ओघळ.

सासऱ्यांनी ती उजेडात धरली. "वाइन आडवी ठेवतात, जावईबापू. हिला निजवलं की ही बूच खाते."

तळाशी होतं ते त्यांनी तीन पेल्यांत ओतलं. पहिल्या घोटानंतर साडूची थट्टासुद्धा थांबली.

साडूने आपली भरली बाटली नेली. जावयाला घोटभर मिळालं, वर साडूकडून जन्मभराचे टोमणे. एकतीस वर्षं मात्र सासऱ्यांची गेली, आणि करारात त्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं.