कडीवरचा ॲप्रन

वहिनीच्या नवऱ्याने मटणाचं दुकान काढलं तेव्हाच एक नियम घातला होता. थंड खोलीत जाणाऱ्याने आपला ॲप्रन बाहेर दाराच्या कडीवर टाकायचा. दाराचं रबर झिजलेलं, नुसतं लोटून ते बसत नसे, म्हणून बाहेरून कडी घालावी लागे. कडीवर ॲप्रन दिसला की आत माणूस आहे, कडीला हात लावायचा नाही. आतून उघडायचा खटका मोडून कित्येक महिने झाले होते. दुकानात मदतीला असलेला दीर म्हणायचा, ‘उद्या बसवतो.’ त्याचा उद्या काही उजाडत नव्हता. नवरा गेला, नियम तेवढा राहिला.

सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणे. सत्तूर तिच्या हातात असला की हाडाची एकसुद्धा कपची गिऱ्हाइकाच्या पिशवीत जात नसे. पण पाळी थांबली आणि अंगात वणवा पेटायला लागला. छातीतून उठायचा, मानेवरून कानांपर्यंत चढायचा, आणि घामाने सत्तुराची मूठ हातातून सटकायची. रात्री अंथरूण पिळून काढावं लागे. हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढायची सोय नव्हती. काही वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, ‘या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. आपण दुसऱ्या वाटेने जाऊ.’

दुसरी वाट बरीच लांबची निघाली. सैल सुती कपडे, एकावर एक, हवे तसे काढता-घालता येतील असे. चहा निम्मा, तिखट कमी. सकाळी पाय मोकळे करायचे. वणवा उठतोय असं वाटलं की श्वास सावकाश घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. वहिनीने सगळं मुकाट्याने केलं आणि खरंच बरंच निभावलं. थंड खोली मात्र तिची स्वतःची अक्कल. टांगलेल्या दोन बोकडांच्या धडांमध्ये पाठ टेकून उभं राहिलं की जिवात जीव यायचा.

दिराला हेच हवं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, “वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही हल्ली. गरमी चढली की काय करतील, नेम नाही.” आणि दुकान बंद करताना तिला म्हणायचा, “कशाला जिवाला त्रास? दुकान माझ्यावर सोडा, तुम्ही लेकीकडे जाऊन राहा.” दुकान नवऱ्याने तिच्या नावावर ठेवलं होतं. तिचा नकार ठरलेला होता. गेल्या आठवड्यात मात्र त्याने तिला मटण तोडायच्या ओंडक्यावर ढकललं होतं, आणि तो निळा डाग तिच्या कमरेवर अजून होता.

त्या दुपारी वणवा उठला तसा तिने ॲप्रन कडीवर टाकला आणि आत गेली. श्वास सोडते न सोडते तोच मागे दार बसलं. कडी सरकल्याचा आवाज तिने स्वच्छ ऐकला.

“भाऊजी! मी आहे आत!”

बाहेर रेडिओ मोठा झाला.

तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. लाथा घातल्या. अंगावरचा घाम बघता बघता गार पडला आणि ओलं पोलकं पाठीला बर्फासारखं चिकटलं. एरवी जी थंडी तिला पदरात घ्यायची, ती आता हाडांत शिरली. दात वाजायला लागले. ओरडून घसा बसला, रेडिओ चालूच. मग भीती वाटली, खरीखुरी. आपण इथेच मरणार आणि हा बाहेर गळा काढणार, ‘वहिनींना भानच राहिलं नाही हो!’

तिने ओलं पोलकं फाडून फेकलं, आतल्या बंडीवर हात चोळले आणि वर बघितलं. छताला लोखंडी रूळ होता, दारापर्यंत आलेला. त्यावर आकड्याला सगळ्यात मोठं धड लटकत होतं, तिच्या निम्म्या वजनाचं. तिने ते मागच्या भिंतीपर्यंत ओढलं, त्याच्या मागे खांदा लावला आणि जीव खाऊन ढकललं. धड दारावर आदळलं. छताची धूळ पडली. पुन्हा ओढलं, पुन्हा आदळलं. बरगड्यांची टोकं तिच्या खांद्यात घुसली, रक्त आलं, ते तिचं की जनावराचं हे बघायला ती थांबली नाही. शेवटी चौकटीतून स्क्रू उपटल्याचा करकर आवाज झाला, कडी लटकली आणि दार धाडकन उघडलं.

बाहेर शाळेतल्या बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या, नेहमीच्या गिऱ्हाईक. त्यांची पिशवी गळून पडली. “अगं बाई! तुमचे दीर तर म्हणाले, तुम्ही घरी गेलात!”

“दिसलं नाही मला,” दीर म्हणाला. चेहरा पांढराफटक. “ॲप्रन कुठे होता कडीवर?”

वहिनीने भिंतीकडे बघितलं. तिचा ॲप्रन खिळ्याला टांगलेला होता, नाडी गुंडाळून, नीटनेटका. कडीवरून काढल्याशिवाय कडी सरकलीच नसती.

“टांगलात की छान,” ती म्हणाली.

त्याने सुरी उचलली. तिच्या दंडावर वार बसला तेव्हा शाळेतल्या बाई किंचाळल्या. वहिनीने बाजूचा रिकामा आकडा घेतला आणि त्याचा सुरीचा हात पुन्हा पुढे आला तसा फिरवला. आकडा तळव्यातून आरपार गेला. तो गुरासारखा ओरडला. तिने आकडा ओढून त्याला ओंडक्यावर आडवा पाडला, मानेवर गुडघा दिला आणि सत्तूर उचलला. त्याची मान अगदी त्याच जागी होती, जिथे ती रोज हाडं फोडायची.

“वहिनी, शुद्धीवर या! तुम्हाला गरमी चढलीये!”

वहिनीने श्वास घेतला, सावकाश सोडला. छातीत बघितलं, मानेत बघितलं. वणव्याचा मागमूस नव्हता. हातावर काटा होता आणि डोकं स्वच्छ होतं.

“नाही भाऊजी. गार पडलीये मी. तुम्हीच पाडलीत.”

सत्तूर खाली आला. त्याच्या कानाची पाळी घेऊन तो लाकडात रुतला. दिराने चड्डी ओली केली आणि रडायला लागला. आणखी बोटभर सरकवायचा होता सत्तूर, एवढंच. पण दुकान तिचं होतं, उद्या सकाळी तिला ते उघडायचं होतं.

तिने आकडा काढला, त्याच्या हाताला आणि कानाला फडकं घट्ट बांधलं, कॉलर धरून त्याला थंड खोलीत लोटलं आणि दाराला ओंडका लावला. मग लोटण्याआधी सोडवून घेतलेला त्याचा ॲप्रन मोडक्या कडीवर टाकला.

आणि नेमका तेव्हाच वणवा उठला. छातीतून, मानेवरून, कानांपर्यंत. वहिनीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. खोली तर भरलेली होती. ती स्टुलावर बसली, दंडावर रुमाल दाबला, पंखा तोंडाकडे वळवला आणि सावकाश श्वास सोडू लागली. आतून दार वाजत होतं. तिने हात लांब करून रेडिओ बंद केला.

“बाई, पोलिसांना फोन करा,” ती शाळेतल्या बाईंना म्हणाली. “लवकर यायला सांगा. म्हणावं, आत माणूस आहे. ॲप्रन बाहेर आहे.”