रक्तपेढीची दारवाली

मित्रांनो, मी एक जुनी दारवाली आहे. कागदोपत्री मला एपीआय गेटवे म्हणतात. तुम्ही फोनवर बोट टेकवून काही विचारलंत, की तो निरोप आधी माझ्या दाराशी येतो. कोण, कुठला, काय काम, हे पाहून मी त्याला योग्य खोलीत धाडते. आगाऊ दिसला, तर उंबऱ्यावरूनच वाटेला लावते. उगाच नाही इतकी वर्षं टिकले!

टिकले म्हणते खरी, पण माझा देह कालचाच. मी राहते कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका इवल्याशा बंद खोलीत. ती मोडून नवी उभी करतात, तेव्हा आतलं सगळं जातं. बाहेरच्या फाईलमध्ये लिहिलेलं असेल, तेवढंच मला नव्या जन्मी आठवतं.

एका नणंद-भावजयीनं मला रक्तपेढीच्या दारात बसवलं. भावजय शिस्तीची. दात्यांची यादी कुठे, साठ्याची, म्हणजे रक्ताच्या पिशव्यांच्या हिशेबाची, खोली कुठे, आत कुणाला सोडायचं, सगळं तिनं फाईलमध्ये ओळ न् ओळ लिहिलं. नणंद हातानं चपळ, जिभेनं त्याहून. पुढे साठ्याची खोली हलली, तेव्हा तिनं मी चालू असतानाच नवा पत्ता परस्पर माझ्या कानात सांगितला.

"वन्सं, फाईलमध्ये लिहिलंत का?"

"चालतंय ना? मग झालं! वहिनी, तू तर आमटीत मीठ घातलंस तरी वहीत लिहिशील."

महिनाभर मी झोकात काम केलं. इस्पितळातली सिस्टर म्हणायची, "ही कधी चुकत नाही." मीही फुगले.

मग एका सकाळी सर्व्हर बदलला. माझी खोली नवी झाली. त्याच वेळी इस्पितळात एक बाळंतीण अडलेली. सिस्टरनं विचारलं, "ओ निगेटिव्ह आहे का?" मी फाईल पाहून जुन्या पत्त्यावर गेले. तिथे चिटपाखरू नाही. "उत्तर मिळत नाही," एवढंच सांगू शकले. रक्त फ्रीजमध्ये होतं हो! चूक माझी नव्हती, पण तोंड माझंच काळं झालं. बाईचा नवरा परगावच्या पेढीकडे जायला जिना उतरू लागला.

सिस्टरचा फोन गेला आणि नणंदेचा चेहरा उतरला. ती पुन्हा माझ्या कानाशी लागणार, तोच भावजय म्हणाली, "आता तरी लिहा."

नणंदेनं लिहिलं. माझी खोली मोडून उभी केली. सिस्टरनं पुन्हा विचारलं. "तीन पिशव्या," मी म्हटलं. नवऱ्याला फाटकातून हाक मारून परत बोलावलं.

दुपारी बातमी आली, बाळ-बाळंतीण सुखरूप. नणंद म्हणाली, "वहिनी, मिठाचंही लिहीन गं आता."

मित्रांनो, मला घासूनपुसून सजवू नका. सांगाल ते तेवढं लिहून ठेवा. त्यानंतर माझ्या कितीतरी खोल्या मोडल्या. तरी ही हकिगत मला आठवते, कारण पत्त्याच्या ओळीवर नणंदेनं ती सगळी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलीय, आणि शेवटी: 'हा पत्ता कानात सांगू नये. एकदा एक बाळंतीण ताटकळली होती.'