हेल्मेटच्या आतल्या चार पट्ट्या

मी एक जुनं अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट आहे. न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या एका घरात कपाटावर राहतो.

मित्रांनो, १९८६ साली अमेरिकेतल्या एका कोळशाच्या गावात छोटा व्यावसायिक संघ उभा राहिला, तेव्हा मी नवाकोरा होतो. साहित्य सांभाळणारे वॉल्टर काही महत्त्वाचं घडलं की माझ्या आत कापडी पट्टी चिकटवून शाईने एक ओळ लिहीत. पहिल्या हंगामात सगळे सामने हरले, ते लिहिलं. १९९१ साली करंडक जिंकला, तेही लिहिलं. १९९५ साली मालकाने संघ दुसऱ्या शहरात हलवला आणि माझा हिरवा रंग खरवडून मला पिवळं केलं. २००४ साली संघ बंद पडला. याही दोन गोष्टींच्या पट्ट्या माझ्या आत चिकटल्या.

वॉल्टरच्या हाताखाली तेव्हा पुण्याचा रमण नावाचा विद्यार्थी गणवेश धुवायचा. मला त्याच्या हातात देत ते म्हणाले, "नुसतं शोभेला ठेवू नकोस. कुणाला तरी वाचून दाखव."

आज रमण इथे हॅमिल्टनमध्ये, 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. खंडेनवमीला त्याच्या पान्यांशेजारी माझीही पूजा होते.

"या टोपल्यालाही कुंकू?" त्याची बायको सुमेधा दरवर्षी विचारते.

"आधी त्यालाच," म्हणत रमण पट्ट्या मोठ्याने वाचतो.

यंदा पूजेची घासपूस त्यांच्या नऊ वर्षांच्या वल्लरीने केली. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. मला बरं वाटत होतं. पण रमणने मला उलटं केलं आणि त्याचा हात थांबला. पट्ट्या कोऱ्या झाल्या होत्या.

"बाबा, हीप्स ऑफ डर्ट होती," वल्लरी म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून हळूच, "सॉरी. आता वाच ना."

"काय वाचू? गेलं सगळं."

माझी कवटी आणखीच पोकळ वाटली. तेवढ्यात वल्लरी पाटासमोर बसली आणि म्हणू लागली, "नाइन्टीन एटी-सिक्स. लॉस्ट एव्हरी गेम." करंडक आला, पिवळा रंग आला. "टू थाउजंड फोर. आय स्विच्ड ऑफ द लाइट्स. वॉल्टर."

"तुला हे पाठ आहे?" रमणने विचारलं.

"यू रीड इट एव्हरी इयर, बाबा."

रमणने नव्या पट्ट्या आणल्या. वल्लरीने चारही ओळी पुन्हा लिहिल्या. सुमेधाने न विचारता मला कुंकू लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पण आधी त्यांच्या आत डोकावून वाचा, आणि वाचलेलं कुणाला तरी ऐकवा. माझ्या आत आता पाचवी पट्टीही आहे. वेड्यावाकड्या अक्षरांत वल्लरीने तिच्यावर यंदाचं साल घातलंय आणि पुढे लिहिलंय: "हॅड अ बाथ. स्टिल हिअर."